पेटी ठरली, पैसे अडले: मराठी विक्री-साइट वापरायला सोपी कशी करावी

एप्रिल उजाडला की कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या साइटवर वर्दळ वाढते. गिऱ्हाईक भाव बघतं, दोन डझनांची पेटी निवडतं, पत्ता भरायला घेतं आणि पिनकोडच्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबतं. मिनिटभराने त्याच माणसाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: "दादा, दोन डझन हवे होते, पुण्याला पाठवता का?" ऑर्डर मिळाली म्हणून मालक खूश होतो. खरं तर साइट कुठेतरी अडते आहे, हेच त्या मेसेजने कळवलेलं असतं. मेसेज करणारे निदान कळतात, मुकाट्याने निघून गेलेल्यांची नोंद कुठेच राहत नाही.

वापरसुलभतेची व्याख्या आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ११व्या भागात आहे. हा भाग १९९८ साली आला आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात तीन गोष्टी बघितल्या जातात: माणसाचं काम पुरं झालं का, त्यासाठी वेळ आणि श्रम किती लागले, आणि तो समाधानी आहे का. समाधान बऱ्याचदा पहिल्या दोन गोष्टींवर अवलंबून असतं. काम अर्धवट राहिलं तर पान कितीही देखणं असो, माणूस वैतागूनच जातो.

अडचण अशी की समाधान नुसतं विचारून कळत नाही. आपल्याकडे माणूस अडला की साइटला नावं ठेवत नाही, स्वतःलाच ठेवतो. "मला यातलं काही कळत नाही बाई," असं म्हणून फोन मुलाच्या हातात देतो. नंतर साइट कशी वाटली असं विचारलंत तर "छान आहे की" म्हणतो, कारण समोरच्याचं मन कशाला दुखवायचं! म्हणून पुढची सगळी पद्धत वापरणाऱ्याच्या शेजारी बसून बघण्यावर उभी आहे. उदाहरण आंब्याच्या साइटचं घेतलं आहे, पण फराळ, पैठणी किंवा दिवाळी अंक विकणाऱ्यालाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

आधी व्हॉट्सअ‍ॅप वाचा

चाचणीच्या आधी एक दिवस फक्त वाचण्यात घालवा. साइट बघून आलेल्या लोकांचे शेवटचे ५० मेसेज काढा आणि त्यातले प्रश्न वहीत गटवार लिहा. आंब्याच्या धंद्यात तेच पाच-सहा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतील: पेटीत नग किती, फळ केवढं, कच्चे की पिकलेले, आमच्या गावाला येतात का, कधी पोचतील, आणि साका निघाला, म्हणजे फळ आतून पांढरट, खराब निघालं, तर काय.

प्रत्येक गट म्हणजे पानावरची एक उणीव. पेटी हा शब्दच घ्या. कुणाची पेटी चार डझनांची, कुणाची पाच, कुणाची त्याहून मोठी. बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या बाईंना "हापूस पेटी" एवढ्यावरून काहीच बोध होत नाही. बटणाच्या वर सरळ लिहा: "२४ नग, प्रत्येक फळ २५० ते ३०० ग्रॅम, कच्चे पाठवतो, अढीत साधारण आठवडाभरात पिकतील." वजन आणि दिवस अर्थात तुमच्या मालाप्रमाणे घाला. या एका ओळीने जेवढे मेसेज कमी होतात तेवढे नव्या डिझाइनने होत नाहीत.

पाच माणसं निवडा

पाचच का, याचा हिशेब जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडला. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष सापडत होते. म्हणजे एका माणसामागे ६९ टक्के दोष लपून राहतात. ०.६९ ला स्वतःनेच तीनदा गुणलं की ०.३३ येतं, पाचदा गुणलं की ०.१६. म्हणजे तीन माणसांत सुमारे दोनतृतीयांश दोष हाती लागतात आणि पाचांत सुमारे ८५ टक्के. मात्र ३१ टक्के ही सरासरी आहे. क्वचितच दिसणारा दोष पाच जणांच्या हातून निसटू शकतो. म्हणून एकदम पंधरा माणसं बसवण्यापेक्षा पाच जणांवर चाचणी घ्या, दुरुस्ती करा, मग नवे पाच बोलवा. जुन्याच पाचांना पुन्हा बोलावू नका, त्यांना वाट पाठ झालेली असते.

साइट बनवताना जे आसपास होते त्यांना घेऊ नका. आंब्याच्या साइटसाठी ही पंगत चांगली जमते: साठीच्या पुढचे एक काका किंवा काकू, तीन-चार वर्षं जुना आणि मेमरी भरत आलेला स्वस्त फोन वापरणारं कुणी, रोज ऑनलाइन खरेदी करणारं एक तरुण माणूस, साइटवरून कधीच काही न घेतलेलं एक जण, आणि परदेशात राहून इथल्या आईवडिलांना पेटी पाठवू पाहणारं एक माणूस. शेवटच्याला टाळू नका. त्याचा फोन नंबर भारताबाहेरचा, कार्ड भारताबाहेरचं आणि पत्ता मात्र सांगलीचा. असं गिऱ्हाईक आलं की फॉर्म हमखास कोलमडतो. त्याची चाचणी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून घेता येते.

काम सांगताना साइटचे शब्द वापरू नका

"हापूस पेटी कार्टमध्ये टाका आणि चेकआउट करा" असं सांगितलंत की माणूस ते शब्द पानावर शोधतो आणि दाबतो. त्यातून काही कळत नाही. काम त्याच्या घरच्या भाषेत सांगा:

"तुमची आत्या पुण्यात कोथरूडला राहते, पिनकोड ४११०३८. अक्षय्य तृतीयेच्या आधी तिच्याकडे दोन डझन हापूस पोचायला हवेत. पैसे तुम्ही देणार, पेटी ती घेणार. करून बघा."

या एका कामात चार गाठी आहेत: तारीख, दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याचा फोन आणि पैसे. दुसरं काम छोटं ठेवा: "पेटीतले चार आंबे आतून पांढरट, खराब निघाले. आता काय कराल?" तिसरं: "पेटी कुठवर आली ते बघा." तीन कामं पुरतात, चौथ्याला माणूस थकतो. कामं मोठ्या अक्षरात वेगवेगळ्या कागदांवर लिहून एकेक हातात द्या.

पैशाचा टप्पा खराखुरा तपासायचा असेल तर १ रुपयाची एक लपवलेली वस्तू साइटवर घालून ठेवा आणि चाचणीपुरती तिची लिंक द्या.

शेजारी कसं बसायचं

माणसाचा स्वतःचा फोन आणि स्वतःचाच मोबाइल डेटा वापरू द्या. तुमच्या वायफायवर आणि तुमच्या नव्या फोनवर सगळंच सुरळीत चालतं. स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागा. यूपीआय पिन टाकायची वेळ आली की रेकॉर्डिंग बंद करा. समोर न बसता बाजूला, थोडं मागे बसा. एका माणसाला पाऊण तास द्या.

सुरुवातीला म्हणा: "काकू, आज परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. जिथे अडाल तिथे आमचं चुकलंय असं समजायचं. फोन वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा." त्यानंतर गप्प बसा. बोट दाखवायचं नाही, "खाली बघा ना" म्हणायचं नाही. काकूंनी विचारलं, "हे दाबू का?" तर उलट विचारा, "दाबल्यावर काय होईल असं वाटतं?" त्या उत्तरात बटणावरच्या शब्दाची पारख होते. पूर्ण अडकल्या आणि दोन मिनिटं हललं नाही तरच मदत करा, आणि ते काम "मदतीने" म्हणून नोंदवा.

वहीत प्रत्येक कामासाठी एवढं लिहा: स्वतः पुरं केलं, मदतीने केलं की सोडलं, किती वेळ लागला, किती वेळा मागे गेले, चुकून काय दाबलं, आणि तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे. "पिनकोड नीट चालत नाही" ही तुमची नोंद झाली. "अहो, मी बरोबरच टाकलाय, तरी लाल का होतंय?" हे गिऱ्हाइकाचं वाक्य. दुरुस्ती करणाऱ्या मुलापुढे दुसरं ठेवा.

आकडे मोजा, पण बेताने

प्रत्येक काम झाल्यावर लगेच एकच प्रश्न: "हे काम करणं किती सोपं गेलं? १ म्हणजे फार अवघड, ७ म्हणजे फार सोपं." साधारण ५.५ ही या मोजपट्टीवरची नेहमीची सरासरी समजली जाते. कुणी ४ दिले तर तिथल्या तिथे विचारा, "कशामुळे?" उत्तर ताजं असतं.

शेवटी हवी तर एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही दहा विधानांची प्रश्नावली द्या. जॉन ब्रूक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली आणि आजही सर्रास वापरली जाते. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण द्यायचे. विषम क्रमांकाची विधानं साइटच्या बाजूची, सम क्रमांकाची विरुद्ध. हिशेब असा: विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा करा, सगळं मिळवा आणि २.५ ने गुणा.

समजा एका काकांनी विषम विधानांना ४, ४, ५, ३, ४ दिले. १ वजा करून ३, ३, ४, २, ३, म्हणजे १५. सम विधानांना २, १, २, ३, २ दिले. ५ मधून वजा करून ३, ४, ३, २, ३, म्हणजे पुन्हा १५. एकूण ३०, गुणिले २.५, आले ७५. साधारण ६८ ही सरासरी धरतात. हे टक्के नव्हेत. ७५ म्हणजे "७५ टक्के लोक खूश" असा अर्थ काढू नका.

मराठीत या प्रश्नावलीत एक खाच आहे. सम विधानं नकारात्मक अर्थाची असल्यामुळे "साइट उगीच गुंतागुंतीची वाटली" या विधानालाही लोक सवयीने ५ देऊन टाकतात. ओळीने सगळीकडे ५ दिले तर एकूण ५० येतात, आणि सगळीकडे ३ दिले तरी ५०च येतात. बरोबर ५० आले की कागद उलगडून बघा, बहुधा विधानं वाचलेलीच नसतात. वयस्कर माणसांना विधानं वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. पाच माणसांची सरासरी बरीच डळमळती असते. दुरुस्तीआधी ५५ आणि नंतर ७८ आले तर त्याला काही अर्थ आहे, ७० चे ७३ झाले तर नाही.

रकाने: बहुतेक गिऱ्हाइकं इथेच गळतात

चाचणीत सर्वांत जास्त नोंदी फॉर्मच्या निघतील, म्हणून इथे जरा रेंगाळू.

*देवनागरी अंक.* गिऱ्हाइकाच्या फोनवर मराठी कळफलक चालू असतो. तो ४११०३८ टाइप करतो. फॉर्मला मात्र इंग्रजी अंक हवे असतात. रकाना नंबर प्रकारचा ठेवला असेल तर काही ब्राउझर हे अंक उमटूच देत नाहीत, काही उमटवतात पण आत रकाना रिकामा धरतात. मग डोळ्यांसमोर आकडा असूनही खाली लाल अक्षरात "पिनकोड आवश्यक आहे" येतं. यासारखी संतापजनक गोष्ट दुसरी नाही. उपाय सोपा आहे: रकाना साध्या मजकुराचा ठेवा, कोडमध्ये त्याचा इनपुटमोड न्यूमरिक करा म्हणजे फोनवर आकड्यांचा कळफलक उघडेल, आणि तपासण्याआधी ० ते ९ हे देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमवारीत, ते सलग बसवलेले असल्यामुळे हे दोन ओळींचं काम आहे. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याची नेहमीची खूण देवनागरी अंक धरत नाही, म्हणून बदल आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम पाळा.

*फोन नंबर.* लोक नंबर संपर्कयादीतून चिकटवतात. त्यात +९१ असतं, पुढे शून्य असतं, मधे जागा किंवा आडवी रेघ असते. हे सगळं तुम्ही काढून टाका, गिऱ्हाइकाला काढायला लावू नका. उरलेले १० आकडे ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात का ते बघा. परदेशातल्यांसाठी देश निवडायची सोय पैसे देणाऱ्याच्या नंबरला द्या. पेटी घेणाऱ्याच्या नंबरचा रकाना वेगळा हवा, कारण कुरियरवाला फोन आत्यालाच करणार.

*नाव.* फक्त इंग्रजी अक्षरं चालतील अशी अट घातली असेल तर काढा. नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करू नका, "पूर्ण नाव" हा एकच पुरे. कुरियरच्या लेबलाला इंग्रजी नाव लागत असेल तर तसं सांगा: "कुरियरसाठी नाव इंग्रजीत लिहा." कारण कळलं की माणूस कुरकुर करत नाही.

*पिनकोड सर्वांत आधी.* त्या गावी पेटी जात नाही हे पत्ता, फोन, नाव सगळं भरून झाल्यावर सांगणं अन्यायाचं आहे. पिनकोड वस्तूच्या पानावरच विचारा आणि तिथेच सांगा: "कोथरूडला पोचते. आज ऑर्डर दिलीत तर गुरुवारपर्यंत. पाठवणी १५० रुपये." पाठवणीचा खर्च शेवटच्या पानावर पहिल्यांदा दिसला तर माणूस फसवल्यासारखा मागे फिरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या १३ प्रकारांत किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आणि गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणं हे दोन्ही प्रकार आहेत. "फक्त २ पेट्या शिल्लक" असं खोटं लिहिणंही त्यातच येतं.

*चूक दाखवणारी सूचना.* "अवैध इनपुट" हे वाक्य साइटवर कुठेही दिसलं तर पुसून टाका. त्याऐवजी काय चुकलं आणि काय करायचं ते त्या रकान्याच्या लगेच खाली लिहा: "पिनकोडमध्ये ६ आकडे असतात, तुम्ही ५ लिहिलेत." एक चूक झाली म्हणून भरलेला बाकीचा फॉर्म कधीही रिकामा करू नका. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरात न लिहिता वर लिहा, कारण टाइप करू लागताच ते नाहीसं होतं आणि मधे फोन आला तर परतलेल्या माणसाला काय भरत होतो ते आठवत नाही.

*ओटीपी.* स्वस्त फोनवर काय घडतं ते बारकाईने बघा. काकू ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातात. फोनची मेमरी कमी, म्हणून ब्राउझरचं पान मागे बंद पडतं. परत येतात तर पान पुन्हा पहिल्यापासून उघडलेलं आणि सगळा पत्ता गेलेला. मग नवा ओटीपी मागवतात, मधल्या वेळात जुना येतो, तो चालत नाही. याला तीन उपाय आहेत. भरलेली माहिती प्रत्येक रकान्यागणिक ब्राउझरमध्ये साठवा आणि परत आल्यावर भरून द्या. ओटीपीचा रकाना एकच ठेवा, त्याला कोडमध्ये वन-टाइम-कोड ही आपोआप भरण्याची (ऑटोकम्प्लीट) खूण द्या, म्हणजे फोन स्वतःच आकडा सुचवेल. सहा सुटे चौकोन दिसायला नीटनेटके असतात, पण चिकटवणं आणि आपोआप भरणं दोन्ही त्यात अडतं. आणि खरं विचाराल तर आंब्याच्या ऑर्डरला आधी खातं उघडायला लावणंच काढून टाका. पैसे भरताना बँक आपली ओळख पटवून घेतेच.

*यूपीआय.* फोनवर उघडलेल्या साइटवर क्यूआर कोड दाखवू नका. ज्या फोनने स्कॅन करायचं त्याच फोनच्या पडद्यावर कोड आहे, माणूस स्कॅन करणार कशाने? फोनवर थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारं बटण द्या, क्यूआर फक्त संगणकावर. पैसे देऊन परत आल्यावर पान कोरं दिसलं तर लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात. म्हणून बटण एकदा दाबताच बंद करा आणि लिहा: "बँकेकडून उत्तर येतंय. पुन्हा पैसे भरू नका." बँकेचं उत्तर सर्व्हरवर थेट घ्या, गिऱ्हाईक पानावर परत येईल या भरवशावर राहू नका.

देवनागरी दिसते कशी

मराठी मजकुराला वर-खाली मात्रा आणि उकार असतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट किंवा अधिक ठेवा आणि मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. आयफोनवर रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलहून लहान असलं तर टाइप करताना पान आपोआप मोठं होतं आणि माणूस गोंधळतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

पानाच्या कोडमधली भाषेची खूण मराठीची ठेवा. बऱ्याच साइट इंग्रजी साच्यावरून बनतात आणि ती खूण इंग्रजीचीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू पाहतो, आणि ल व श यांची मराठी वळणं फॉन्टमध्ये असूनही येत नाहीत. गिऱ्हाईकमधला ऱ्ह आणि दुसऱ्या, पुऱ्या यांतला ऱ्य नीट उमटतात का, तेही बघा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही तेही आंबे विकत घेतात. डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये केवायसीच्या (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) प्रकरणात म्हटलं आहे.

भावपत्रक फोटो म्हणून टाकू नका. फोटोतला मजकूर मोठा केला की धूसर होतो, पानावर शोधता येत नाही आणि स्क्रीन रीडरला सहसा वाचता येत नाही. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टातला मजकूर असेल तर तो परिवर्तित करून घ्या, नाहीतर गूगलला तो मराठी वाटतच नाही.

रंगाबद्दल आंबेवाल्यांना खास सांगावंसं वाटतं. नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं सगळ्यांनाच आवडतात. पण नेहमीच्या नारिंगीवर पांढऱ्याचा उठाव (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २:१ भरतो, आणि सुलभतेच्या मानकाला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतो. मे महिन्याच्या उन्हात रिक्षात बसून ते बटण कुणी वाचणार नाही. त्याच नारिंगीवर काळी अक्षरं घेतलीत तर उठाव १०:१ च्या वर जातो. नगांची संख्या वाढवायची-कमी करायची बटणंही तपासा. सुलभतेच्या याच मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीत, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, किमान २४ पिक्सेल सांगितले आहेत, पण अँड्रॉइडची ४८ ची शिफारस, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, बोटाला खरी सोयीची.

बटणावर "सबमिट" ऐवजी काय घडणार ते लिहा: "₹१,८५० भरा", "पत्ता जतन करा". शोधपेटी आठ-दहा वस्तूंच्या दुकानाला लागत नाही, सगळा माल पहिल्या पानावर मांडा.

वेग

गूगलच्या मोजपट्टीवर पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि मजकूर हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा. चारपैकी तीन भेटींत तरी हे साधलं पाहिजे. पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाकला की हे आकडे फुकट मिळतात.

मंदपणाचं कारण बहुधा फोटो असतात. बागेतला फोटो फोनमधून जसाच्या तसा चढवला की चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात साठवा, आकार बहुधा २०० केबीच्या आत येतो. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो उशिरा उतरतो, पान खाली सरकतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. देवनागरी फॉन्टच्या फायली जोडाक्षरांमुळे जड असतात. साधं आणि ठळक अशी दोनच वजनं वापरा.

कुठून सुरुवात करायची

पाचही चाचण्या झाल्या की दोष एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: पाचपैकी किती जणांना तो आडवा आला, आणि त्याने काम थांबलं की नुसता वेळ गेला. ज्याने एकाचंही काम पूर्ण थांबलं तो दोष, चौघांना जरासा खटकलेल्या दोषापेक्षा वर घ्या. वरचे तीन त्याच आठवड्यात दुरुस्त करा. तीस दोषांची यादी एकदम हाती घेतली की हंगाम संपतो आणि यादी तशीच राहते. नव्या पाच माणसांची तारीख दुरुस्तीच्या आधीच ठरवून टाका.

हंगामभर तीन आकडे दर सोमवारी लिहा: पिनकोड टाकलेल्या दर १०० जणांमागे पैसे भरणारे किती, दर १०० ऑर्डरींमागे विचारणा करणारे मेसेज किती, आणि सोपेपणाच्या प्रश्नाची सरासरी. पहिला आकडा वाढून दुसरा घटला की दुरुस्ती लागू पडली असं समजा. दोन्ही वाढले तर पैसे भरणारे वाढले, पण लोकांना अजून विचारावं लागतंय, म्हणजे पानावरच्या उणिवा तशाच आहेत.

ऑर्डर झाल्यावर जो एसएमएस जातो तोही तपासा. मराठी एसएमएसमध्ये एका मेसेजला ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. लांबलचक आभारांनी सुरुवात केलीत तर पोचायची तारीख दुसऱ्या तुकड्यात जाते. सुरुवातच तारखेने करा: "गुरुवारी पोचेल. ऑर्डर ४३१२."

सोपेपणाचा प्रश्न ऑर्डर पूर्ण झाल्याच्या पानावरच विचारा, पेटी पोचण्याच्या आधी. नंतर विचारलात तर उत्तर आंब्यांबद्दल येतं. फळ गोड निघालं की सगळं माफ, आणि चारांत साका निघाला की साइटही वाईट. मालाबद्दलचा प्रश्न पेटी उघडल्यावर, आंबे पिकण्याइतके दिवस गेल्यावर वेगळा विचारा, आणि त्याच मेसेजमध्ये खराब फळाचा फोटो पाठवायची लिंक द्या. ती लिंक थेट त्या ऑर्डरवर उघडली पाहिजे, नंबर पुन्हा टाइप करायला लावू नका.